गणवेशाचा ठराव करण्यापूर्वी

गणवेशाचे फायदे आणि तोटे हा शाळकरी निबंधाचा घासून गुळगुळीत झालेला विषय आहे, परंतु 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांपुढे तो प्रत्यक्ष निर्णयाचा विषय म्हणून पुन्हा आला आहे. त्याच्या आदल्या वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणाखाली कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली, शिलाईचे काम महिला बचत गटांकडे गेले, आणि राज्यात अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी मुलांच्या अंगावर नवे कपडे आले नाहीत. जे आले त्यांच्या मापांविषयीही तक्रारी झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने ती पद्धत मागे घेतली आणि गणवेश ठरवून तो शिवून घेण्याचा अधिकार समित्यांकडे परत दिला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरची शेतमजूर आईसुद्धा आता कापड, रंग आणि शिंपी ठरवणाऱ्यांपैकी एक आहे. अनुदानित किंवा खासगी शाळेतल्या पालकांकडे हा अधिकार थेट नसला, तरी शिक्षक-पालक संघात हेच प्रश्न विचारता येतात.

निर्णयाला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गणवेश चांगला की वाईट या प्रश्नाला सर्व शाळांना लागू पडेल असे उत्तर नाही. तोच शर्ट एका शाळेत मुलांची सोय करतो आणि शेजारच्या गावात डोकेदुखी ठरतो. फरक पडतो तो पैसे कोण देतो, कपडे कधी हातात येतात, कापड कोणते आहे आणि गणवेश न घातलेल्या मुलाशी शाळा कशी वागते, या चार गोष्टींनी. म्हणून फायदे-तोट्यांची चर्चा याच चार गोष्टींना धरून करावी. नाहीतर बैठक शिस्त आणि संस्कार यांवरच्या भाषणांत संपते आणि कापडाचा नमुना कोणी हातातही घेत नाही.

फायद्यांची छाननी

पहिला फायदा सर्वांना ठाऊक आहे: रोज काय घालायचे हा प्रश्न उरत नाही आणि सणाला घेतलेला एकुलता एक चांगला ड्रेस शाळेत झिजत नाही. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला याचे मोल मोठे आहे. दुसरा फायदा सुरक्षिततेचा. शाळेच्या वेळेत सांगलीच्या बसस्थानकावर किंवा आयर्विन पुलाच्या कठड्याशी गणवेशातला मुलगा एकटा दिसला, तर येणारा-जाणारा कोणीतरी थांबून ‘शाळा नाही का रे आज?’ असे विचारतोच. रंगीत कपड्यांतल्या मुलाकडे तसे लक्ष जात नाही. सहलीत आणि यात्रेच्या गर्दीतही शिक्षकांना एका नजरेत आपली मुले मोजता येतात.

समानतेचा फायदा मात्र जपून मांडावा. गणवेशाने कपड्यांतला फरक झाकला जातो, पण चप्पल, दप्तर, सायकल आणि डब्यातली भाजी तो सांगतच राहतात. आपल्याच भागातले उदाहरण घ्यायचे, तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली, तेव्हा समता रुजली ती एकत्र राबण्यातून आणि एका पंगतीत जेवण्यातून. गणवेश हे काम सोपे करू शकतो, ते काम त्याच्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. उलट, गणवेशच भेद दाखवतो असा काळही आपण पाहिला आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलग्यांना मोफत गणवेश मिळत असे आणि त्याच बाकावरचा उरलेला मुलगा हात हलवत घरी जाई. 2023-24 पासून राज्याने स्वतःचा निधी घालून उरलेल्या मुलग्यांनाही योजनेत घेतले, हे फार योग्य झाले.

शिस्त, हजेरी आणि गुण यांविषयीचे दावे तर आणखी तपासून घ्यावेत. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात गणवेशामुळे हजेरी किंवा वर्तन सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. याउलट केनियात गरीब मुलांना मोफत गणवेश दिल्यावर, विशेषतः ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांची, गैरहजेरी स्पष्टपणे घटली. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की उमगते ते असे: जिथे कपड्याअभावी मूल घरी बसत होते तिथे फुकट मिळालेला कपडा त्याला शाळेत आणतो, आणि जिथे कपड्यांची अडचणच नव्हती तिथे केवळ सक्तीने फारसे काही बदलत नाही. आपल्या शाळेत यांपैकी कोणती स्थिती आहे, हे हजेरीपट आणि वर्गशिक्षक दोघेही सांगू शकतात. त्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही.

तोटे आणि ते येतात कुठून

सर्वांत मोठा तोटा खर्चाचा आहे, आणि तो जिल्हा परिषदेच्या शाळेपेक्षा अनुदानित व खासगी शाळांत अधिक जाणवतो. रोजचा गणवेश, शनिवारचा पांढरा ड्रेस, हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट, दोन प्रकारचे बूट, टाय, पट्टा आणि हिवाळी स्वेटर अशी यादी वाढत जाते. प्रत्येक वस्तूवर शाळेचे बोधचिन्ह असले की ती बाजारात मिळत नाही, ठरावीक दुकानातूनच घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये याच अडचणीवर 2021 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ठरावीक दुकानाची सक्ती करू नये, अशा सूचना आपल्या शासनानेही शाळांना दिल्या आहेत. त्यावर साधा उपाय असा की बोधचिन्ह कापडावर छापण्याऐवजी शिवून लावायच्या वेगळ्या पट्टीवर असावे, ती पट्टी शाळेने अल्प दरात द्यावी आणि शर्ट मात्र पालकांनी सांगलीच्या मारुती रोडवरून, आठवडी बाजारातून किंवा गावातल्या शिंप्याकडून, परवडेल तिथून घ्यावा. एवढ्या एका बदलाने निम्म्या तक्रारी मिटतात, असे माझे मत आहे.

दुसरा तोटा हवामानाचा, आणि तो राज्यभर एकच कापड ठरवणाऱ्याच्या लक्षात येणे अवघड आहे. आटपाडी आणि जतच्या उन्हात जाड पॉलिस्टरचा शर्ट घालून पत्र्याच्या वर्गात बसणे ही शिक्षाच आहे. तिथे सुताचे प्रमाण जास्त हवे. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला शिराळ्यात किंवा साताऱ्याच्या पाटण-महाबळेश्वरकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये निव्वळ सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, मूल ओलसर विजार घालून येते आणि वर्गभर कुबट वास पसरतो. तिथे मिश्र धाग्याचे, लवकर वाळणारे कापडच सोयीचे. तेव्हा ‘सुती ते चांगले’ हा नियम डोळे मिटून लावू नये.

रंगाच्या बाबतीत पांढऱ्याचा मोह टाळावा. काळ्या मातीचे शिंतोडे, बोअरच्या जड पाण्याने येणारा पिवळटपणा आणि आपल्याकडची हळद, या तिन्हींशी पांढरा शर्ट लढू शकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवण्याचे दिवस आले की शाळा सुटल्यावर मुले त्याच कपड्यांनी शिवारात जातात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आणि आई घाबरून आणखी घासत बसते. तसे करू नये. साबण पूर्ण धुऊन काढावा आणि कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाकावा, कारण हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो. तरीही आकाशी, फिकट तपकिरी किंवा चौकटीचे कापड निवडले तर ही कसरत मुळातच टळते.

तिसरा तोटा मुलींच्या वाट्याला अधिक येतो आणि बैठकीत तोच सर्वांत कमी बोलला जातो. पाचवीनंतर सलवार-कमीज आणि ओढणी ठरवून टाकली जाते. ती ओढणी सायकलच्या चाकात जाऊ नये म्हणून मुलगी तिचे टोक कमरेला गाठ मारून खोचते, आणि शाळेच्या फाटकाशी आल्यावर गाठ सोडून, चुण्या सारख्या करून पुन्हा खांद्यावर पिन लावते. रोज हे करावे लागत असेल तर कपड्याची रचनाच चुकली आहे. केरळमध्ये वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने मुलगे आणि मुली दोघांनाही शर्ट व गुडघ्याखाली येणारी तीन-चतुर्थांश विजार दिली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. आपल्याकडे तेवढे पाऊल टाकायचे नसेल, तरी तीन गोष्टी सहज करता येतात: ओढणीऐवजी शिवलेले जाकीट, गडद रंगाची सलवार आणि कुडत्याला खोल खिसा. सलवार गडद का, हे समितीतल्या महिला सदस्यांना सांगावे लागत नाही. पुरुष सदस्यांनी त्यांचे ऐकावे. मोठ्या मुलींना वेगळे बसवून, शिक्षिकेने त्यांचे म्हणणे कागदावर घ्यावे आणि ते बैठकीत वाचून दाखवावे, ही पद्धत सर्वांत निर्वेध आहे.

डोक्यावरचा रुमाल, पटका किंवा गंडा-दोरा यांविषयी वाद उद्भवण्याची वाट पाहू नये. गणवेशाच्याच रंगाचा रुमाल चालेल, अशी एक ओळ ठरावात आधीच घातली की नंतरचा मनस्ताप वाचतो.

कापड आणि शिंपी

मोफत गणवेश योजनेची तरतूद प्रत्येक मुलामागे वर्षाला दोन गणवेशांसाठी 600 रुपये, म्हणजे एका जोडाला कापड, शिलाई, काज-बटण धरून 300 रुपये आहे. एवढ्यात सातवीच्या मुलाची फुलपँट आणि शर्ट बसवणे कठीण असते, परंतु पहिलीतल्या मुलाला त्याच्या निम्म्याच्या आसपास कापड पुरते. म्हणून दरपत्रके मागवताना इयत्तावार दर न मागता सर्व पटाचा एकत्रित हिशेब मागावा आणि लहानांच्या कपड्यांत वाचलेले मोठ्यांच्या कपड्यांत घालावे. इचलकरंजी आणि विटा ही यंत्रमागाची गावे हाकेच्या अंतरावर असल्याचा फायदा आपल्या जिल्ह्याला घेता येतो. तीन-चार शाळांनी, शक्य तर आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या सगळ्या शाळांनी मिळून ताग्यांवर कापड घेतले, तर किरकोळ दरापेक्षा ते स्वस्त पडते. मात्र एकत्र खरेदी करायची म्हणून रंगही एकच ठेवायला हवा असे नाही.

नमुना हातात आला की त्याची परीक्षा समितीने स्वतः करावी. तिला पैसे लागत नाहीत. कापडावर पेनाने 50 सेंटिमीटरचा चौकोन आखावा, रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा आणि पुन्हा मोजावा. बाजू 48 वर आली तर कापड चार टक्के आटले, म्हणजे ते भिजवल्याशिवाय शिवायला देणे म्हणजे दिवाळीत विजार घोट्यावर येणे. ओला पांढरा रुमाल कापडावर जोराने घासावा. रुमालाला रंग लागला तर तो पुढे सगळ्या धुण्याला लागणार. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळून त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक काळी गुठळी बनते, आणि मिश्र कापडात दोन्हींचे थोडे-थोडे दिसते. दुकानदाराने सांगितलेले मिश्रण खरे आहे की नाही, याचा अंदाज एवढ्यावरून येतो. पसंत पडलेल्या नमुन्याचा हातभर तुकडा मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष यांच्या सह्या करून पाकिटात बंद ठेवावा, कारण आलेला माल नमुन्यासारखा नसल्याची तक्रार त्याच्याशिवाय सिद्ध करता येत नाही.

इयत्तेवरून माप ठरवू नये. चौथीच्या एकाच वर्गात ढांगेएवढा आणि दाराएवढा अशी दोन्ही मुले असतात. शिंप्याने शाळेत येऊन छाती, खांदा, उंची, कंबर आणि बाही ही मापे मुलागणिक घ्यावीत आणि त्यांची यादी शाळेकडे राहावी. प्राथमिक वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते, म्हणून विजारीच्या खाली दोन इंच दुमड आणि शर्टाच्या बगलेत पुरेशी माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, ठेवण्याची अट करारातच असावी. शिंपी कापड वाचवण्यासाठी माया कमी सोडतो. म्हणून पहिला तयार जोड उलटा करून शिवण पाहावी, एकेरी टीप असेल तर परत द्यावा. पहिली-दुसरीच्या विजारींना इलास्टिकच लावावे. शाळेतल्या स्वच्छतागृहात बटणाशी झुंजणारे सहा वर्षांचे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही.

गावातल्याच शिंप्याला किंवा बचत गटाला काम देण्याचा मोठा लाभ म्हणजे दुरुस्तीला माणूस जवळ राहतो. पण त्याच्याकडे एप्रिल-मेमध्ये लग्नसराईचे काम असते, आणि शाळा तर जूनच्या मध्यावर उघडते. तेव्हा फेब्रुवारीच्या बैठकीत ठराव, मार्चमध्ये मापे आणि कापड, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इयत्तेनुसार गठ्ठे शिंप्याच्या घरी, असा क्रम धरावा. निधी उशिरा येतो ही अडचण खरी आहे. परंतु मापे, नमुना आणि दरपत्रके तयार असली तर पैसे खात्यावर पडल्यावर काम सुरू व्हायला दोन महिने जात नाहीत. पूर्ण रक्कम माल तपासून ताब्यात घेतल्यावरच द्यावी.

गणवेश नसलेल्या मुलाचे काय

बहुतेक ठरावांत हाच मुद्दा राहून जातो. गणवेश नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, प्रार्थनेच्या रांगेतून वेगळे काढणे किंवा घरी पाठवणे म्हणजे त्याच्या पालकांच्या अडचणीची शिक्षा त्याला देणे आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. ठरावात स्पष्ट लिहावे की अशा मुलाला वर्गात नेहमीप्रमाणे बसवले जाईल आणि शिक्षक पालकांशी स्वतंत्रपणे बोलतील. शिक्षकांना हे शिस्त सैल करण्यासारखे वाटते, पण गणवेशासाठी शाळा बुडाली तर ज्या हजेरीसाठी गणवेश आणला तीच गेली.

त्याबरोबरच शाळेत जादा जोडांची पेटी असावी. सातवी किंवा आठवी उत्तीर्ण होऊन जाणाऱ्या मुलांकडून चांगल्या स्थितीतले कपडे धुऊन, इस्त्री करून मागून घ्यावेत. नाव न लावता, मापाची चिठ्ठी लावून ते ठेवावेत. आपल्या जिल्ह्यांत या पेटीची गरज ठरलेल्या वेळी पडते. नोव्हेंबरपासून ऊसतोड मजुरांची मुले बीडकडून येतात, त्यांची नावे पटावर चढतात, पण गणवेशाची मागणी तर जूनच्या पटावर गेलेली असते. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांत घरातले सारेच भिजले आणि वाहून गेले, त्यात दप्तरे आणि गणवेशही होते. नदीकाठच्या शाळेने ही पेटी तळमजल्यावर ठेवू नये. कपडा देताना तो सर्वांसमोर देऊ नये, मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावून द्यावा.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की टाय-पट्टा बंद करणे आणि आठवड्यातून एक दिवस रंगीत कपड्यांचा ठेवणे, हे दोन्ही समितीने मुलांना विचारून ठरवावे. रंगीत दिवसाबद्दल मी स्वतः साशंक आहे, कारण त्या दिवशी नवा ड्रेस नसलेली मुले घरी राहतात असे काही शिक्षक सांगतात. जिथे ठेवायचा असेल तिथे पहिले दोन महिने त्या दिवसाची हजेरी इतर दिवसांशी ताडून पाहावी आणि ती घसरत असेल तर तो दिवस बंद करावा.

ठरावाच्या शेवटी मुदत लिहावी. एकदा ठरवलेला रंग आणि नमुना किमान पाच वर्षे बदलू नये, नाहीतर धाकट्या भावंडाला थोरल्याचा शर्ट चालत नाही आणि पेटीतले जोडही वाया जातात. मुख्याध्यापक बदलले की गणवेशाचा रंग बदलण्याची आपल्याकडे खोड आहे, तिला ही ओळ आवर घालते. ठरावाची प्रत सूचना फलकावर लावावी, कापडाचे बिल आणि शिलाईची पावती कोणाही पालकाला पाहता येईल अशी ठेवावी, आणि उरलेल्या चिंध्या शिंप्याकडून परत घेऊन त्या पेटीतच टाकाव्यात. गुडघ्यावरच्या ठिगळाला त्याच रंगाचे कापड वर्षभर लागत राहते.